दाण्याआधी पाणी, पाण्याआधी झुडूप
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरच्या बागेत येणाऱ्या पक्ष्यांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. कोल्हापूर शहरातून आणि भोवतालच्या वसाहतींतून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. बरीच पत्रं 'दाणे कोणते घालू?' इथूनच सुरू होतात. आमचं मत वेगळं आहे. दयाळ, शिंपी, शिंजीर, नाचण, चष्मेवाला, बुलबुल या बागेतल्या नेहमीच्या पक्ष्यांपैकी एकही दाणा खाणारा नाही. त्यांना किडे, मध, फळं, पाणी आणि लपायला दाट झुडूप लागतं. हे असेल तर दाण्यावाचून काही अडत नाही.

उन्हाळ्यात गच्चीवर प्लॅस्टिकच्या टबात पाणी ठेवतो. कावळे सोडले तर कुणी फिरकत नाही. त्यात घरचे म्हणतात, डेंग्यूचे डास होतील. काय करावं?
*(राजारामपुरी)*

टब खोल आहे, गुळगुळीत आहे आणि उघड्यावर आहे. तिन्ही गोष्टी लहान पक्ष्याला नकोशा. बुलबुलाएवढा पक्षी कडेवर बसून पितो, पण आंघोळीसाठी त्याला पायाखाली टेकायला तळ हवा. बोटभर खोलीपलीकडे तो उतरत नाही.

कुंभाराकडून मातीची पसरट परात आणा, ३५ ते ४० सेंमी रुंद. बापट कॅम्प किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत सांगितलं तर बिनझिलईची करून मिळेल. झिलई नको, कारण खरबरीत मातीवर पाय घसरत नाही आणि माती पाझरत असल्याने पाणी गार राहतं. पाणी कडेला एक सेंमी आणि मध्ये फार तर चार-पाच सेंमी असावं. परात खोल निघाली तर तळात वाळू-खडे पसरा आणि मधोमध एक चपटा दगड असा ठेवा, की त्याचा माथा पाण्याबाहेर राहील. शिंजीर आणि चष्मेवाला त्या दगडावरूनच पाण्यात उतरतात.

जागा निवडताना मांजराचा विचार आधी करा. परात स्टुलावर किंवा कट्ट्यावर, जमिनीपासून एक ते सव्वा मीटर उंच ठेवा. झुडूप किंवा फांदी दोन ते तीन मीटरवर असावी. त्याहून जवळ असेल तर मांजर आडोशाला दबा धरतं. फार लांब असेल तर ओल्या पंखांनी पक्ष्याला तिथवर पोचता येत नाही, म्हणून तो येतच नाही. दुपारी सावली पडेल अशी जागा बघा. मे महिन्यात उन्हातलं पाणी तासाभरात कोमट होतं. गच्चीवर झाड नसेल तर मोठ्या कुंडीत फांद्यांचं झुडूप लावा, किंवा वाळलेली फांदी वाळूच्या बादलीत रोवून ठेवा. बसायला तेवढंही चालतं.

साचलेलं पाणी पक्ष्यांच्या चटकन लक्षात येत नाही, थेंब पडताना दिसला आणि ऐकू आला की येतं. औषधाच्या दुकानातून सलाईनची नवी नळी घ्या, पाच लिटरच्या कॅनला जोडा आणि कॅन फांदीला टांगा. नळीवरचं चाक फिरवून दर दोन सेकंदांना एक थेंब परातीत पडेल असं करा. या वेगाने पाच लिटर पाणी साधारण दोन दिवस पुरतं. एरवी झाडाच्या शेंड्यावरून खाली न येणारे पक्षीही थेंबाच्या आवाजाला येतात, आणि एवढ्या कमी खर्चात बागेत इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू आम्हाला माहीत नाही.

डासांची भीती रास्त आहे, पण उपाय सोपा आहे. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. पाणी रोज सकाळी ओतून नवं भरलं तर डास होत नाही. मात्र नुसतं ओतून भागत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने तग धरतात. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी काथ्याने कडा घासा, आठवड्यातून एकदा परात दिवसभर उन्हात पालथी घाला. साबण वापरू नका. पाण्यात उतरलेल्या साबणाने पिसांवरचं तेल जातं. आणि धीर धरा. नवं भांडं ओळखीचं व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

दररोज अर्धा किलो जोंधळा टाकते. सगळा पारवे खातात आणि गॅलरीत घाण करतात. चिमण्या जवळ येत नाहीत.
*(साने गुरुजी वसाहत)*

अर्धा किलो हे फार झालं, आणि जोंधळा उघड्यावर टाकणं म्हणजे पारव्यांनाच आमंत्रण. पारवा मोठ्या दाण्याला आणि सपाट मोकळ्या जागेला येतो. एकदा लागले की घरटी तिथेच करतात, आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत छातीत गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. घरात दम्याचं माणूस असेल तर आधी ते आवरा. गॅलरी झाडण्याआधी पाणी शिंपडून विष्ठा भिजवून घ्या, कोरडी कधीच झाडू नका, तोंडाला मास्क लावा.

दाणा पंधरा दिवस पूर्ण बंद करा. पारवे दुसरीकडे वळले की मग बाजरी, राळा किंवा तांदळाची कणी एक मूठ, सकाळी, तासाभरात संपेल इतकीच घाला. राळा लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानांत विचारा. ताटली जमिनीवर न ठेवता टांगा आणि तिच्याभोवती चौकोनी जाळीचा पिंजरा करा, जाळीचं छिद्र चार सेंमीचं. चिमणी आणि मुनिया आत शिरतात, पारवा आणि होला बाहेर राहतात. ताटलीच्या कडेपासून जाळी किमान १५ सेंमी लांब हवी, नाहीतर पारवा मान घालून दाणे ओढतो.

शेव, फरसाण, पाव, बिस्कीट, उरलेला भात नको. मीठ लहान पक्ष्याला झेपत नाही आणि ओला भात काही तासांत आंबतो. जूनमध्ये पाऊस लागला की ऑक्टोबरपर्यंत दाणा बंदच ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत भिजलेल्या धान्याला बुरशी धरते, तिच्या विषाने पक्षी मरतात, आणि पावसाळ्यात त्यांना बाहेर गवताचं बी, किडे मुबलक असतात. ताटली आठवड्याला गरम पाण्याने घासा. कुणी आजारी, पिसं फुलवून बसलेला पक्षी दिसला तर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी करून धुवा, खळखळून विसळा, उन्हात वाळवा आणि दोन आठवडे काही घालू नका. एका ताटलीत गर्दी झाली की रोग पसरतो.

एक दयाळ रोज सकाळी स्कूटरच्या आरशावर चोच मारतो. आणि हॉलच्या काचेवर आदळून दोन बुलबुल मेले. दोन्हीचा संबंध आहे का?
*(नागाळा पार्क)*

संबंध काचेशी आहे, कारण मात्र वेगवेगळं. दयाळाला आरशात दुसरा नर दिसतो आणि आपल्या हद्दीतून त्याला हाकलायला तो भांडतो. दयाळ गाऊ लागला की, म्हणजे मार्च ते जुलैच्या सुमाराला, हे चालतं. आरशावर जुना मोजा किंवा पिशवी चढवा. प्रतिबिंब गेलं की तो वळतो, नाहीतर भांडण्यात त्याचा दाणापाण्याचा वेळ जातो.

काचेवर आदळणारा बुलबुल भांडत नसतो. त्याला काचेत समोरचं झाड आणि आभाळ दिसतं आणि तो सरळ त्यात शिरायला जातो. यावर ससाण्याचं एक स्टिकर चिकटवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने काही होत नाही, पक्षी स्टिकरच्या बाजूने जातो. काचेवर बाहेरून पाच-पाच सेंमीवर ठिपके किंवा उभ्या रेघा हव्यात, पूर्ण काचभर. पांढरी इन्सुलेशन पट्टी, मुलांचे पोस्टर रंग, काहीही चालतं. आतून लावलं तर बाहेरचं प्रतिबिंब तसंच राहतं. बाहेर मच्छरदाणीची जाळी ताणून लावली तर तीही उत्तम.

पक्षी आदळून पडला तर पुठ्ठ्याच्या खोक्याला छिद्रं पाडा, तळाला सुती कापड घाला, त्यात ठेवून झाकण लावा आणि शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनळीत जातं. एक-दोन तासांनी बागेत नेऊन खोका उघडा. उडाला तर ठीक. नाही उडाला, किंवा पंख लोंबत असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आमच्या जास्वंदीवर हमिंगबर्ड येतो! फोटो पाठवत आहे. इतक्या लहान पक्ष्यासाठी साखरपाणी ठेवू का?
*(आर. के. नगर)*

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. तुमच्या फोटोत जांभळा शिंजीर आहे, नर. संध्याकाळी अंधार पडताना फुलासमोर हवेत तरंगणारं काही दिसलं तर तो बहुधा मोठा पतंग असतो. त्यालाही लोक हमिंगबर्ड समजतात. शिंजीर शक्यतो फांदीवर बसून मध पितो, आणि जास्वंदीसारखं लांब फूल असेल तर बुडाशी भोक पाडून मध काढतो.

तुम्ही लिहिलं आहे की दिवाळीत आलेला पिवळसर होता आणि आता आलेला काळाभोर चमकदार आहे. पक्षी तोच असू शकतो. विणीचा हंगाम संपला की हा नर मादीसारखा पिवळसर होतो, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत काळी रेघ उरते. मादीला ती नसते. कोल्हापुरात दुसराही शिंजीर सर्रास दिसतो. त्याच्या नराची पाठ गडद तांबूस, पोट पिवळं आणि कमरेवर जांभळी चमक असते, आणि तो वर्षभर तसाच राहतो.

साखरपाणी नको. उन्हात ते दिवसभरात आंबतं, मुंग्या आणि माश्या गोळा होतात, आणि शिंजिराच्या पिल्लांना लागणारे कोळी-किडे त्यातून मिळत नाहीत. त्याऐवजी एकेरी लाल जास्वंद आणि हमेलिया लावा.

दहा बाय पंधरा फुटांचं परडं आहे. फरशी काढून माती मोकळी केली आहे. काय लावू म्हणजे पक्षी येतील?
*(रुईकर कॉलनी)*

फरशी काढलीत, अर्धं काम तिथेच झालं.

एवढ्या जागेत मोठं झाड नको, पण उंचीचे तीन थर हवेत. वरचा थर म्हणून एका कोपऱ्यात तुती. दरवर्षी छाटून आठ फुटांवर ठेवता येते आणि बुलबुल, कोकीळ, साळुंकी फळांवर तुटून पडतात. जागा थोडी जास्त असेल तर सिंगापूर चेरी, तिच्या फळांना फुलटोच्या हमखास येतो. जेमतेम आठ सेंमीचा पक्षी, रंगाने मळकट, पण 'चिक्-चिक्' असा सतत आवाज असतो. मधल्या थरात कढीपत्ता, कागदी लिंबू, एकेरी जास्वंद, अडुळसा. कढीपत्त्याचा प्रत्येक शेंडा खुडत राहिलात तर फळ धरणार नाही, म्हणून एक झाड स्वयंपाकासाठी आणि एक पक्ष्यांसाठी. काळी पिकलेली फळं बुलबुलांना फार आवडतात. लिंबाच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या येतात. त्या मारू नका, शिंपी आणि वटवट्या त्यांच्यासाठीच येतील. कुंपणाला मुरुडशेंग लावून बघा. आपल्या पश्चिमेच्या डोंगरातलंच झुडूप आहे, लाल फुलांना शिंजीर येतात आणि राखण करावी लागत नाही.

खालचा थर बहुतेक जण विसरतात. झुडपांखाली पडलेला पाला झाडून जाळू नका, दोन-तीन इंच जाडीचा राहू द्या. दयाळ, सातभाई आणि भारद्वाज हा पाला उलथून किडे शोधतात. एका बाजूला दोन फूट कोरडी मऊ माती मोकळी सोडा, चिमण्या धुळीत लोळायला येतील.

दुहेरी, गेंदेदार फुलं डोळ्यांना छान दिसतात, पण त्यांत मध जवळजवळ नसतो किंवा चोच पोचत नाही. बाग पक्ष्यांसाठी करायची तर ती टाळा. घाणेरीवर पक्षी येतात हे खरं, पण तिचं बी त्यांच्यामार्फत रानात जाऊन पसरतं, म्हणून ती नको.

औषध फवारलंत तर वरचं सगळं वाया. पिठ्या ढेकूण आला तर जोराच्या पाण्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली द्रव साबण घालून फक्त लागलेल्या फांद्यांवर मारा. मावा थोडा असेल तर तसाच सोडा, चष्मेवाले तो टिपतात. छाटणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि तीही फांदी हलवून, आत घरटं नाही ना हे बघून. फेब्रुवारी ते जुलै कात्रीला हात लावू नका.

चिमण्यांसाठी लावलेली लाकडी पेटी दोन वर्षं रिकामी आहे.
*(उजळाईवाडी)*

तुम्ही दिलेल्या मापांवरून तीन चुका दिसतात. भोक पाच सेंमीचं आहे, समोर बसायला काठी आहे आणि पेटी पश्चिमेच्या भिंतीवर आहे.

चिमणीला ३२ मिमीचं भोक पुरतं. सुताराकडे त्या मापाचा होल कटर असतो. भोक मोठं झालं की साळुंकी ताबा घेते किंवा कावळा चोच घालून पिल्लू ओढतो. काठी चिमणीला लागत नाही, ती कडेला लटकून आत जाते. काठीचा उपयोग फक्त शिकाऱ्याला. आणि आपल्याकडे पावसाची झड नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येते, त्याच भिंतीवर दुपारचं ऊनही असतं. पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करा, वर छज्जा असेल तर आणखी बरं.

नवी पेटी करताना १२ मिमीचा प्लायवूड किंवा जुनं लाकूड घ्या. आतून तळ १५ बाय १५ सेंमी, पुढची बाजू २० सेंमी, मागची २५, म्हणजे छप्पर उतरतं होईल. छप्पर पुढे पाच सेंमी बाहेर काढा. भोकाची खालची कड तळापासून किमान १३ सेंमी वर. तळाला पाच मिमीची चार छिद्रं पाणी निथळायला, छपराखाली बाजूंना दोन हवेसाठी. आतून रंग, पॉलिश काही नको, तासलेलंही नको. खरबरीत लाकडाला धरूनच पिल्लं वर चढतात. पत्र्याची पेटी तर नकोच, आत भट्टी होते. उंची अडीच ते तीन मीटर. चिमण्या शेजार करून राहतात, म्हणून एकच न लावता मीटरभर अंतराने दोन-तीन लावा.

इतकं करूनही पेटी भरेल याची हमी नाही. चिमणी फार लांब जात नाही. तुमच्या गल्लीत चिवचिवाट असेल तरच पेटी लवकर लागते. मंगळवार पेठेतल्या, शुक्रवार पेठेतल्या कौलारू घरांत कौलांखाली, तुळयांच्या टोकांना फटी होत्या. स्लॅबच्या घरात त्या उरल्या नाहीत, ती उणीव पेटी भरून काढते. अन्नाची उणीव पेटी भरून काढत नाही. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच भरवते. आसपास रोपं, गवत, किडे नसतील तर अंडी घालूनही पिल्लं जगत नाहीत.

घरटं झालंच तर झाकण उघडून बघू नका. हंगामात दोन-तीन विणी होतात, म्हणून साफसफाई डिसेंबरमध्ये, मास्क लावून.

व्हरांड्यातल्या दिव्याच्या वायरीला कचऱ्यासारखं काहीतरी लोंबतंय. आत पक्षी जातो. रंगकाम काढलं आहे, किती दिवस थांबावं लागेल?
*(प्रतिभानगर)*

शिंजिराचं घरटं. कोळ्याच्या जाळ्याने गवत, सालपटं, अळ्यांची विष्ठा चिकटवून मादी मुद्दाम तसं गबाळं करते, म्हणजे शत्रूच्या डोळ्यांत भरत नाही. अंडी बहुधा दोन. उबवायला दोन आठवड्यांच्या आसपास, पिल्लं उडायला आणखी दोन-अडीच आठवडे. अंडी आजच घातली असं धरलं तरी साधारण महिना-सव्वा महिना. तोवर रंगकाम घराच्या दुसऱ्या बाजूने सुरू करा. घरटं सरकवू नका, जागा बदलली की मादी ते सोडून देते, शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरट्याला आणि अंड्यांना हात लावणं गुन्हा आहे. त्या वायरीचा दिवा रात्री बंद ठेवा. येजा चालू राहिली तर चालेल, तिने तुमचं घर माणसांच्या वर्दळीसाठीच निवडलेलं असतं. कावळे तिथे कमी येतात.

झाडाखाली बुलबुलाचं पिल्लू सापडलं. मुलांनी खोक्यात ठेवून दूध पाजलं. आता?
*(फुलेवाडी)*

दूध ताबडतोब बंद, पक्ष्यांना ते पचत नाही. पिल्लाला पिसं आली असतील, शेपूट आखूड असेल आणि ते पायावर उभं राहून टुणटुण उडत असेल, तर ते पडलेलं नाही. उडता यायच्या आधी बुलबुलाची पिल्लं घरट्याबाहेर पडतात आणि आईबाप त्यांना बाहेरच भरवतात. जिथे सापडलं तिथल्याच झुडपात, चार-पाच फूट उंच फांदीवर ठेवा, मुलांना लांब न्या, मांजर-कुत्रं अडवा आणि दुरून बघा. तासा-दोन तासांत आई येते.

अंगावर पिसं नसतील तर पिल्लू घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूत चुकीची आहे. घरटं मोडलं असेल तर लहान दुरडीत वाळकं गवत घालून त्याच फांदीला बांधा. मांजराने धरलेलं पिल्लू मात्र वेगळं. जखम दिसत नसली तरी मांजराच्या दातांतले जंतू आत गेलेले असतात आणि प्रतिजैविकावाचून ते एक-दोन दिवसांत मरतं. लगेच पशुवैद्याकडे न्या.

दुर्बीण कोणती घेऊ?
*(ताराबाई पार्क)*

८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिमीचं असलेली. दहापट मोठं दाखवणारी हातात थरथरते आणि दिसण्याचा आवाका अरुंद होतो. बागेसाठी एक आकडा दुकानात आवर्जून विचारा: किती जवळचं स्पष्ट दिसतं? दोन ते अडीच मीटर हवं. जास्त असेल तर परातीवरचा पक्षी धूसरच दिसेल. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी खाली दुमडून बघा.

रोज काय काय आलं ते लिहून ठेवायचं आहे. पद्धत सांगा.
*(संभाजीनगर)*

सूर्योदयानंतर तासाभरात, एकाच जागी बसून पंधरा मिनिटं. तारीख, वेळ, आभाळ कसं होतं, कोणता पक्षी, एकाच वेळी जास्तीत जास्त किती दिसले. आलेगेलेले बेरजेत धरलेत तर एकच बुलबुल सहा वेळा मोजला जातो. काय करत होता तेही एका शब्दात लिहा: पीत, खात, गात, काड्या नेत. ही नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येते, मराठी नावंही तिथे आहेत. फेब्रुवारीत जगभर घरअंगणातल्या पक्ष्यांची चार दिवसांची गणना असते, आणि आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ सालिम अलींच्या. पंधरा मिनिटांत काहीच आलं नाही तर त्या दिवशी शून्य लिहा, पान रिकामं सोडू नका. पाणी नव्हतं, पाऊस होता, की शिक्रा हा शिकारी पक्षी फिरत होता, ते शून्यावरूनच पुढे कळतं.